सर्व्हरची डिस्क पुन्हा पुन्हा बाहेर पडते? नवी मागवण्याआधी हे तपासा

"भाऊ, सर्व्हर परत बसी गया." कापसाचा सीझन लागला की असा फोन आठवड्याला एक तरी येतोच. कधी जिनिंगमधून, कधी पतसंस्थेतून, कधी रावेरकडच्या केळीच्या आडतीवरून. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बरीच वर्षं मी हेच काम करतोय आणि तक्रारीचा साचा ठरलेला आहे: रेडमधली (अनेक डिस्का जोडून केलेल्या गटातली) एक डिस्क लाल झाली, नवी टाकली, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) झालं, पंधरा-वीस दिवस सुरळीत गेले आणि परत तीच जागा लाल.

डिस्क मेली तर ती एकदाच मरते. एकच जागा वर्षात तिसरी डिस्क खात असेल तर दोष जागेचा असतो, डिस्कचा नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे लोकांनी चांगल्या डिस्का भंगारात घातलेल्या मी पाहिल्या आहेत. सुरुवातीच्या काळात मीही घातल्या.

रेड कंट्रोलर म्हणजे अनेक डिस्कांची मोट बांधणारं कार्ड. प्रत्येक डिस्कला ते काम सांगतं आणि ठरावीक सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्या डिस्कला बाहेर काढतं. स्क्रीनवर 'फेल्ड' दिसतं तेव्हा त्याचा खरा अर्थ इतकाच असतो की कंट्रोलरला उत्तर मिळालं नाही. का मिळालं नाही, हे कार्डाला कळत नाही. ते आपल्याला शोधायचं असतं.

लक्षणं कोणती, आणि ती काय सांगतात

आधी हे बघा की डिस्क कशी बाहेर पडते. निम्मं निदान इथेच होतं.

- दर वेळी एकाच स्लॉटची डिस्क पडते: त्या स्लॉटचा कनेक्टर, केबलची ती एक तार किंवा त्या डिस्कची पॉवरची वायर.
- आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग तिसरी: गरमी, वीजपुरवठा किंवा रेडसाठी न बनलेल्या डिस्का.
- चार डिस्का एकदम गायब होतात आणि रीस्टार्ट केल्यावर 'फॉरेन' म्हणून परत दिसतात: चार डिस्का एका मिनिटात मरत नाहीत. आतल्या एका मिनी-सॅस केबलवर चार डिस्का असतात, म्हणून संशय केबलवर, बॅकप्लेनवर (डिस्का ज्यात खोचल्या जातात तो बोर्ड), त्यांच्या सामाईक पॉवरवर, नाहीतर कंट्रोलरवर.
- एकही डिस्क पडलेली नाही, पण बिल सेव्ह व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि सगळा स्टाफ नेटवर्कला दोष देतो: बहुतेक वेळा कंट्रोलरची बॅटरी.
- दुपारी सर्व्हर बसतो, चालू केला तर कार्डच सापडत नाही, तासाभराने सापडतं: गरमी.
- विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी: १२९ म्हणजे उत्तर न आल्याने रीसेट द्यावा लागला, १५३ म्हणजे तेच वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. या नोंदी डिस्क पडायच्या कित्येक दिवस आधी सुरू होतात. लिनक्सवर कर्नलच्या लॉगमध्ये कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावासोबत 'रीसेट' शब्द दिसतो.

कार्डाचा बीप चालू असेल तर तो नुसता बंद करून कामाला लागू नका. एका दवाखान्यात बीपचा त्रास होतो म्हणून तो बंद केला गेला आणि दुसरी डिस्क जाईपर्यंत तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता.

हात लावण्याआधी

बॅकअप. सर्व्हर अजून चालतोय, डेटा दिसतोय, तर सगळं सोडून आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या आणि ती दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये एवढ्यापुरतंच रेड असतं. चुकून पुसलेली फाईल ते चारही डिस्कांवरून तितक्याच इमानदारीने पुसतं.

मग प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर मार्करने स्लॉट नंबर लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. कंट्रोलरच्या स्क्रीनवर जे दिसतं त्याचाही फोटो हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रीस्टार्टनंतर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा संदेश आला तर घाईत कोणतंही बटण दाबू नका. अ‍ॅरेचं वर्णन, म्हणजे या जोडलेल्या गटात कोणती डिस्क कितवी आणि रेड कोणत्या प्रकारचं, हे प्रत्येक डिस्कवरही लिहिलेलं असतं. कार्डाच्या स्वतःच्या नोंदीशी ते जुळलं नाही की कार्ड त्या डिस्कला परकी समजतं आणि दोन पर्याय देतं: इम्पोर्ट आणि क्लिअर. क्लिअर म्हणजे डिस्कवरचं ते वर्णन पुसणं. 'क्लिअर' शब्द वाचून लोकांना वाटतं की एरर साफ होईल. एका पतसंस्थेत नेमकं हेच झालं. तिथल्या लिपिकाने क्लिअर दाबलं, मग अ‍ॅरे दिसेना म्हणून कुणीतरी फोनवरून नवा बनवायला सांगितला. पूर्ण इनिशियलायझेशन (डिस्का कोऱ्या करणं) सुरू होण्याआधी लिपिकाने पॉवर काढली म्हणून खातेदारांच्या नोंदी वाचल्या. क्लिअरने मूळ डेटा लगेच जात नाही. त्याच्यावर नवं लिहिलं की जातो.

चारही डिस्का एकदम बाहेर पडल्या असतील तर इम्पोर्ट सहसा बरोबर ठरतं. पण एक डिस्क सोमवारी पडली आणि दुसरी गुरुवारी, तर सोमवारची डिस्क तीन दिवस शिळी असते. तिला जबरदस्तीने 'ऑनलाइन' केलं तर शिळा आणि ताजा डेटा एकमेकांत मिसळतो आणि मग कुणाच्याही हाताला यश येत नाही. कोण आधी गेलं हे फक्त लॉग सांगतो. म्हणूनच पहिली तपासणी लॉगची.

१. लॉग आणि वही

फुकट आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जवळपास कुणी करत नाही. कंट्रोलर स्वतःच्या मेमरीत घटनांची नोंद ठेवतो. मेगारेड घराण्यातल्या कार्डांसाठी स्टोअरसीएलआय, डेलच्या पर्कसाठी पर्कसीएलआय आणि एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरेसाठी एसएसएसीएलआय हे टूल असतं. त्यातून पूर्ण इव्हेंट लॉग काढून पेनड्राईव्हवर घ्या. कार्डाचं घड्याळ आधी तपासा. ते जागतिक वेळेवर असेल तर आपल्याहून साडेपाच तास मागे असतं आणि सगळा हिशेब चुकतो.

मग साध्या वहीत तीन रकाने आखा: तारीख-वेळ, स्लॉट, आणि त्या वेळी आवारात काय चालू होतं. तिसरा रकाना कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही, आणि माझी बहुतेक उत्तरं त्याच रकान्यात सापडली आहेत. बोदवडच्या बाजूला एका जिनिंगमध्ये मी तिसऱ्या स्लॉटची डिस्क दोनदा बदलली होती. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा वही घेऊन बसलो. अकरा नोंदींपैकी नऊ सकाळी आठच्या मागेपुढे दहा मिनिटांत. ऑफिस तर नऊला उघडतं. मग आठला आवारात काय होतं? प्रेसची मोटर सुरू होते. पुढचं वीजपुरवठ्याच्या भागात सांगतो.

वेळा दुपारी एक ते पाच यात गोळा झाल्या तर गरमी बघा. शनिवारी पहाटे किंवा महिन्यातून एकदा ठरावीक रात्री घडत असेल तर पेट्रोल रीड (कार्डाने गस्त घातल्यासारख्या सगळ्या डिस्का वाचून बघणं), कन्सिस्टन्सी चेक (डिस्कांवरचा डेटा एकमेकांशी जुळतो का ते बघणं) किंवा बॅकअपचं शेड्यूल बघा. म्हणजे ताण आल्यावर दोष उघडा पडतोय. आणि वेळांना काही ताळतंत्रच नसेल तर सैल कनेक्टर.

२. गरमी, तूस आणि कूलर

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश हा शिफारशीचा पट्टा मानतात. आपल्याकडे ऑफिसचा एसी संध्याकाळी सातला बंद होतो, सर्व्हर मात्र चालूच राहतो, आणि वर पत्रे असलेली खोली मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी तापलेली असते. दिवसाच्या एसीत बसून "खोली तर थंड आहे" म्हणू नका. एक साधा थर्मामीटर सर्व्हरसमोर ठेवा आणि रात्री दहाला वॉचमनला आकडा वाचायला सांगा.

डिस्कचं तापमान सगळे बघतात, कंट्रोलरच्या चिपचं कुणी बघत नाही. या चिपवर छोटं अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक असतं आणि पंखा बहुधा नसतो. कारण हे कार्ड रॅक सर्व्हरसाठी बनलेलं असतं, जिथे पुढचे पंखे जोराने हवा आरपार ढकलतात. तेच कार्ड आपण असेंबल केलेल्या टॉवर कॅबिनेटमध्ये बसवतो तेव्हा ते ग्राफिक कार्डच्या जागेत, जवळपास थांबलेल्या हवेत तापत राहतं. टूलमध्ये कंट्रोलरचं तापमान वेगळं दिसतं. ते सतत ८० च्या वर राहत असेल तर मी हवा कमी पडते असं धरतो आणि कार्डाकडे तोंड करून ८० मिलिमीटरचा एक पंखा लावतो. दोन-तीनशे रुपयांच्या पंख्याने दोन उन्हाळ्यांची तक्रार मिटलेली जागा माझ्या यादीत एक नाही, अनेक आहेत.

रॅक सर्व्हरचं झाकण उघडं ठेवू नका. उघडं ठेवलं की थंड होईल असं वाटतं, पण हवा मधूनच बाहेर पडते आणि मागच्या बाजूच्या कार्डापर्यंत पोचतच नाही. रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या आणि डिस्कच्या रिकाम्या जागांचे डमी ट्रे याच कारणासाठी असतात.

आता तूस. जिनिंगमधला बारीक कापूस नुसता बसत नाही, तो जाळीवर नमद्यासारखा जमतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे हीटसिंकच्या पात्यांत रुईची गादी असते. सीझनमध्ये महिन्याला एकदा सर्व्हर पूर्ण बंद करून, बाहेर ओट्यावर नेऊन ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती उलटी भणाणतात आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. डाळ मिल आणि मिरचीच्या गोदामांनाही हेच लागू. तिथे फुफाटा अधिक बारीक असतो.

आणि सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. एसीचं बिल वाचवायला खिडकीत कूलर बसवलेल्या खोल्या मी दर उन्हाळ्यात बघतो. ओली हवा आणि त्यासोबत बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे तुषार आत येतात. दोन उन्हाळ्यांत कनेक्टरच्या पिनांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसायला लागते. ती बुरशी नसते, गंज असतो. एसी परवडत नसेल तर आतली गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि सावलीतल्या बाजूने जाळी लावून हवा घेणं, एवढंही कूलरपेक्षा बरं.

३. कंट्रोलरची बॅटरी

"सर्व्हर हळू झाला" या तक्रारीचं सर्वात जास्त वेळा सापडणारं मूळ. कार्डावर स्वतःची मेमरी असते. बिल सेव्ह केलं की डेटा आधी त्या मेमरीत जातो, कार्ड "झालं" असं सांगतं आणि मग सवडीने डिस्कवर लिहितं. याला राइट-बॅक म्हणतात. मध्येच लाईट गेली तर मेमरीतलं जपण्यासाठी ती बॅटरी. बॅटरी कमजोर झाली की कार्ड शहाणपणाने पद्धत बदलतं: प्रत्येक लेखन डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. याला राइट-थ्रू म्हणतात. डेटा सुरक्षित, पण काम रांगेत.

टूलमध्ये बॅटरीची स्थिती आणि अ‍ॅरेची चालू पद्धत, दोन्ही बघा. काही जुन्या बॅटऱ्या ठरावीक काळाने स्वतःला रिकामी करून परत भरतात, त्याला लर्न सायकल म्हणतात. त्या काही तासांत सर्व्हर हळू होणं साहजिक आहे. त्या दिवसाची तारीख लॉगशी जुळली तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त वेळ रविवारी रात्री हलवा.

आपल्या हवेत या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा. लिथियमची आहे, वाट बघू नका. बदलताना शक्य असेल तर सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असलेलं मॉड्यूल घ्या. लाईट गेल्यावर ते मेमरीतला डेटा फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. बॅटरीवाली मेमरी दोन-तीन दिवसच टिकते. वादळी पावसात तारा तुटून गावाची लाईट त्याहून जास्त वेळ गेलेली आपण पाहिली आहे.

एक 'उपाय' सांगणारे पुष्कळ भेटतील: सेटिंगमध्ये 'ऑलवेज राइट-बॅक' करा, सर्व्हर पळायला लागेल. पळतो, खरं आहे. पण बॅटरी नसताना लाईट गेली तर कार्डाने "झालं" म्हणून सांगितलेल्या नोंदी डिस्कवर कधीच पोचलेल्या नसतात. पतसंस्थेच्या सर्व्हरवर हे सेटिंग दिसलं तर मी आधी ते बदलतो, मग बोलतो.

४. डिस्कची स्मार्ट नोंद: कोणता आकडा कुणाकडे बोट दाखवतो

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिच्या लांबलचक यादीतले चार आकडे बघा. ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर. हे वाढत असतील तर डिस्क खरोखर खराब होतेय, बदला. चौथा १९९: सीआरसी एरर. हा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या रस्त्यावर डेटा बिघडल्याची मोजणी करतो. ५ आणि १९७ शून्य आणि १९९ हजारांत, अशी डिस्क तुम्ही बदललीत तर चांगली डिस्क फेकून सदोष केबल जपली असं होईल.

१९९ चा आकडा कधी कमी होत नाही. म्हणून आजचा आकडा वहीत लिहा, केबल बदला आणि आठ दिवसांनी परत बघा. वाढला नाही तर दोष सापडला. सॅस (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीच्या) डिस्कांना हे क्रमांक नसतात. तिथे कंट्रोलरच्या टूलमध्ये प्रत्येक फायची (डिस्ककडे जाणाऱ्या जोडणीची) एरर मोजणी मिळते, तिचा अर्थ तोच.

पेट्रोल रीड बंद करून ठेवलेलं असेल तर चालू करा. कार्ड फावल्या वेळात सगळ्या डिस्का वाचून बघतं, साधारणपणे आठवड्याला एकदा. ते बंद असेल तर वर्षानुवर्षं न वाचलेल्या भागातला खराब सेक्टर लपून राहतो आणि नेमका रिबिल्डच्या वेळी समोर येतो. रेड ५ एकच डिस्क गेलेली सहन करतं, त्यामुळे त्यात त्या क्षणी आधाराला दुसरी डिस्क नसते. साध्या सॅटा डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटाची मर्यादा १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एक अशी दिलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबी वाचनामागे एक. चार-चार टीबीच्या चार डिस्कांचा रिबिल्ड म्हणजे १२ टीबीचं वाचन. मोठ्या डिस्कांवर मी रेड ५ सुचवणं याच गणितामुळे सोडलं.

५. केबल, कनेक्टर, बॅकप्लेन

सर्व्हर बंद, पॉवरची केबल भिंतीतून काढलेली, हाताने कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श. मग कंट्रोलर कार्ड स्लॉटमधून काढून परत बसवा, स्क्रू घट्ट करा. कापड सुकं, पिना स्वच्छ करायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मिनी-सॅस केबलचे दोन्ही टोक काढून 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. गरमी आणि कंपनाने ते वर्षभरात किंचित सरकतात. केबल तीक्ष्ण दुमडलेली असेल किंवा झाकणाखाली चेपली जात असेल तर बदला. उंदरांचीही खूण बघा. गोदामाला लागून असलेल्या ऑफिसमध्ये ही चेष्टेची गोष्ट नाही.

संशय डिस्कवर की स्लॉटवर, हे ठरवायला केबलची अदलाबदल करा, डिस्कची नको. अ‍ॅरे डिग्रेड (एखादी डिस्क कमी) असताना चालू डिस्का इकडच्या तिकडे हलवणं मी स्वतःही करत नाही. एखादी मोकळी जुनी डिस्क असेल तर ती संशयित स्लॉटमध्ये टाकून दोन-तीन दिवस नुसती वाचत ठेवा. तीही पडली तर बॅकप्लेन.

६. वीज

बोदवडच्या जिनिंगचं उत्तर इथे होतं. सकाळी प्रेसची मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली बसायचं. यूपीएसच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या, ती पुरती साथ देत नव्हती. सर्व्हरच्या एसएमपीएसमधले कपॅसिटर उन्हाळे सोसून थकलेले, त्यामुळे तो एक झटका पेलण्याची त्याची ताकद कमी झालेली. आणि तिसऱ्या डिस्कला पॉवर देणारी वायर एका स्प्लिटरच्या शेवटच्या टोकाला, तिथली पिन काळवंडलेली. चारही डिस्कांचं व्होल्टेज क्षणभर उतरायचं, पण सगळ्यात कमी त्या एकीला मिळायचं. ती रीसेट व्हायची आणि कंट्रोलर तिला बाहेर काढायचा. मी बदललेल्या दोन्ही डिस्का चांगल्या होत्या. स्प्लिटर काढून टाकला, एसएमपीएस आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. त्यानंतरचा पूर्ण सीझन तिसरा स्लॉट हिरवा राहिला.

तुम्ही काय बघाल? यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे, आणि कामाची वेळ नसताना, सर्व्हर बंद करून, यूपीएसवर दुसरा काही लोड लावून मेन काढल्यावर ती किती वेळ टिकते. पॉवरच्या वायरींमधले स्प्लिटर आणि काळ्या पडलेल्या पिना. सर्व्हरच्या बोर्डावर दिसणारे आकडे: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. मात्र क्षणिक घसरण या आकड्यांत दिसत नाही, म्हणून आकडे ठीक दिसले तरी यूपीएस निर्दोष सुटत नाही.

अर्थिंग बघायचं तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजतात. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर शंका घ्यायची. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला. प्रत्यक्ष मोजणी आणि डीबीतलं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

७. डिस्क कोणत्या जातीची आहे

स्लॉट फिरता, वेळ फिरती, डिस्का नव्या आणि स्वस्त, असं असेल तर मॉडेल नंबर बघा. घरच्या संगणकाची डिस्क खराब सेक्टरवर अडली की मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ एकटीच झगडत राहते, कारण तिला वाटतं की या डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही. रेडसाठीची डिस्क सात सेकंदांच्या आसपास हात वर करते आणि बाकीचं कंट्रोलरवर सोडते. घरगुती डिस्कची वाट बघून कंट्रोलर तिला मेली समजतो. काही डिस्कांमध्ये ही वेळमर्यादा स्मार्टच्या टूलने बसवता येते, पण बऱ्याच डिस्का पॉवर गेली की ती विसरतात, म्हणून दर बूटला परत द्यावी लागते. शिंगल्ड पद्धतीच्या (डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्काही रेडमध्ये नकोत. रिबिल्डच्या सलग लेखनात त्या इतक्या मंदावतात की बाहेर पडतात.

८. फर्मवेअर

इथून पुढे बॅकअप तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका. फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आणि डिस्कच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, हे बिघाडाचं खरं कारण असू शकतं. काही सॅस एसएसडींमध्ये चालू तासांची मोजणी ३२,७६८ वर पोचली की डिस्क कायमची बंद पडायची, असा दोष २०१९ मध्ये जाहीर झाला होता. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, साधारण तीन वर्षं नऊ महिने. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच दिवशी जाणार, मग रेड काय वाचवणार? म्हणून एसएसडीच्या निर्मात्याच्या सूचना वाचा.

कंट्रोलरचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी निर्मात्याने सांगितलेलीच ठेवा. एक नवं आणि दुसरं पाच वर्षं जुनं, यातून रीसेटच्या तक्रारी येतात. अ‍ॅरे डिग्रेड असताना किंवा रिबिल्ड चालू असताना फर्मवेअर चढवू नका. आणि भरवशाचा यूपीएस नसेल तर मुळीच नाही.

९. कंट्रोलर बदलणं

वरचं सगळं झालं आणि तरीही चारही डिस्का एकदम जातात किंवा कार्ड बूटला सापडत नाही, तेव्हाच. बदली कार्ड त्याच घराण्यातलं, फर्मवेअर तेच किंवा नंतरचं हवं, म्हणजे ते डिस्कवरचं वर्णन वाचून इम्पोर्ट करू शकतं. दुसऱ्या जातीच्या कार्डावर त्या डिस्का कोऱ्या दिसतील आणि ते कार्ड इनिशियलाइज करण्याचा सल्ला देईल. तो सल्ला घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेलं कार्ड मागवायला हरकत नाही, पण आधी ते रिकाम्या डिस्कांवर चार दिवस चालवून बघा.

कुठे थांबायचं

रेड ५ मध्ये दोन डिस्का किंवा रेड ६ मध्ये (ते दोन डिस्का गेलेल्या सहन करतं) तीन डिस्का बाहेर असतील आणि बॅकअप नसेल तर सर्व्हर बंद करा आणि थांबा. डिस्कमधून खरखर किंवा टकटक आवाज येत असेल तर परत चालू करून बघू नका, प्रत्येक फेऱ्यात तिचा पृष्ठभाग ओरखडला जातो. कुणी आधीच क्लिअर, इनिशियलाइज किंवा चुकीची डिस्क ऑनलाइन केली असेल तर तिथेच थांबा आणि जे केलं ते खरं खरं सांगा. रिबिल्ड दोनदा एकाच टक्क्यावर अडला तर तिसऱ्यांदा लावू नका. जळका वास, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या: आधी मेन बंद, मग वायरमन.

अशा वेळी मीसुद्धा डिस्का उघडत नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवतो. तिथे पहिलं काम असतं प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढणं. प्रयोग प्रतीवर होतात, मूळ डिस्कवर नाही. सगळ्या डिस्का द्या, आधी 'मेली' म्हणून कपाटात टाकलेलीसुद्धा, कारण ती शिळी असली तरी तिच्यावरचं वर्णन आणि जुना डेटा कामाला येतो. ट्रेवरचा स्लॉट नंबर डिस्कवरही लिहा. प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती फोमचे जाड थर, आणि सोबत लॉगची फाईल, स्क्रीनचे फोटो आणि वहीच्या पानांची झेरॉक्स. खोकं रात्रीच्या बसच्या डिकीत टाकून पुण्याला पाठवू नका, कुणीतरी मांडीवर घेऊन जा.